खडकावरचा दाणा

माझी पहिली अंडी माळावर उन्हात होती, तेव्हा मी नवस बोलले होते. एक जरी पिल्लू चालू लागलं, तर जन्मभर खडकावरचा दाणा घेतल्याशिवाय चोचीत दुसरं काही घालणार नाही. मी टिटवी. उघड्यावर अंडी घालणारीला नवसाशिवाय आधार कसला! पिल्लू चालू लागलं आणि मी नवस पाळत आले.

त्या काळात आमच्या राज्यातलं तळं आटत होतं आणि घरटी वाढत होती. तळ्याच्या मध्यावर एक खडक होता. त्यावर लाल माथ्याचे वृद्ध सारस राहत. रोज पहाटे ते प्रत्येक पाखराच्या चोचीत तळ्यात आपोआप उगवणाऱ्या देवभाताचा एक दाणा ठेवत. दाणा घेताना म्हणायचं, "आहे ते आपलं, येणार तेही आपलं." मग गिळायचा. एका दाण्यानं पोट भरत नाही, पण तो घेतला की दिवसभर एकटं वाटत नसे.

काठावरच्या वडावर पंचायत भरे. तिचा मुख्य भारद्वाज. त्याचं दर्शन शुभ मानत, आणि तो होताही भाविक. दाण्याच्या रांगेत नेहमी पहिला. त्यानंच त्या वर्षी कायदा केला: ज्या घरट्याला भार सोसवत नाही, त्यानं अंडं पाण्यात ढकलावं, कोणी जाब विचारणार नाही.

सारसांनी त्याला बोलावून विचारलं.

"महाराज, माझ्या घरट्यातून आजवर एक अंडं ढकललं गेलेलं नाही," भारद्वाज नम्रपणे म्हणाला. "पण दुसऱ्याच्या घरट्यात मी कशाला चोच घालू? खडकावर मी तुमचा, वडावर सगळ्यांचा."

तो गेला आणि सारसांची सभा बसली. याला दाणा द्यायचा की नाही?

"देऊ नका," एक म्हणाला. "तोंडानं 'येणार तेही आपलं' म्हणतो आणि वडावर जाऊन काय करतो?"

"दाणा म्हणजे काय छडी आहे, उगारायला?" दुसरा म्हणाला. "आज त्याला नाही, उद्या आणखी कोणाला नाही. मग आपण दाणा द्यायला बसलोय की झडती घ्यायला?"

तिसरा सारस सावकाश बोले. "आधी दाणा म्हणजे काय, यावर एक निवेदन काढू. नाव कोणाचंच नको."

खडकाच्या पायथ्याशीच, वेतात, पाणकोंबडीचं घरटं होतं. तिचा जोडीदार दुसऱ्या तळ्याच्या शोधात गेला तो परतलाच नाही. एकच अंडं उरलेलं. चारा टिपायला उठावं तर अंडं गार पडे, बसून राहावं तर पोटात आग. मी येऊन बसे, पण माळावर माझीही अंडी होती. कावळे काय माझी वाट बघत थांबणार?

"ताई, आत हलतंय गं अजून," ती म्हणाली. तिच्या मानेची हाडं दिसत होती. "वरच्या सारसांतलं कोणी घटकाभर बसेल का? केवढे पंख आहेत त्यांचे!"

मी वर गेले. सर्वांत वृद्ध सारसापुढे मान लववून सगळं सांगितलं.

"अगं बाई, तिच्यासाठीच तर चाललंय हे सगळं!" तो म्हणाला. त्याचे डोळे खरंच भरून आले होते. उतरायला म्हणून त्यानं एक पाय पुढे टाकलाही.

तेवढ्यात मागून हाक आली, "महाराज, शब्द ठरायचेत. तुमच्याशिवाय कसे ठरणार?"

"आलोच," तो मला म्हणाला, आणि वळला.

निवेदनात 'दुःखद' लिहावं की 'अत्यंत दुःखद', यावर ऊन कललं. मी जागची हलले नाही. त्यांच्या शांत होण्याची वाट पाहत राहिले. मग खाली पाण्यात डुबुक असा आवाज झाला. सगळ्या लांब माना एकदम तिकडे वळल्या.

"बेडूक," कोणीतरी म्हणालं, आणि माना परत फिरल्या.

दुसऱ्या पहाटे निवेदन वाचलं गेलं. फार सुंदर होतं. ऐकताना भारद्वाजानंही मान डोलावली. मग तो रांगेत पुढे झाला आणि त्यानं चोच उघडली. देणारा सारस क्षणभर थांबला. निवेदनात नाव कोणाचंच नव्हतं. त्यानं दाणा ठेवला.

पाणकोंबडी सर्वांत शेवटी उभी होती. तिचं घरटं खडकावरून सगळ्यांना दिसत होतं, रिकामं. तिनं "आहे ते आपलं" एवढंच म्हटलं, पुढचं तिला म्हणवेना. सारसानं मान वळवली आणि दाणा न देताच चोच मिटून घेतली.

ती खाली उतरली.

मी माझा दाणा गिळला नाही. चोचीत धरून तिच्यामागे गेले आणि तिच्यापुढे ठेवला. वाटलं, खाईल. तिनं तो चोचीनं हळूच घरट्याच्या मध्यभागी सरकवला, पिसं फुलवली आणि त्यावर बसली. चारा टिपायलाही उठत नाही आता.

तुम्ही उद्या खडकावर जाल, तेव्हा तुमचा दाणाही गिळू नका. तिच्याकडे घेऊन या. एकट्या दाण्याला ऊब धरत नाही.