तबीथाची झोप

प्रवरेच्या काठी शेवगेवाडीत उपदेशक नथनेलबाबांचा मुक्काम होता, तेव्हाची ही गोष्ट. तिथल्या ख्रिस्ती मंडळीचे प्रार्थनामंदिर म्हणजे एक कौलारू खोली; पण बाबा बोलू लागले की ती भरून जाई.

त्या मंडळीत तबीथा नावाची एक गरीब बाई होती. नवरा धरणाच्या कामावर परगावी. घरी सासू ठकूबाई, आंधळी आणि वर्षभर अंथरुणाला खिळलेली. दर दोन तासांनी तिची कूस बदलावी लागे. चुकले तर पाठ सोलून निघे. या सेवेत तबीथाला धड झोप कशी ती नव्हती. तरीही रविवारी ती दाराला बाहेरून कडी लावून तासाभरासाठी प्रार्थनेला येई.

एका रविवारी पहिल्याच गीताला तिचे डोळे मिटले. भिंतीला मान टेकून ती गाढ झोपली.

"घरची खाट मोडली वाटतं हिची!" मंडळीचे पंच शमुवेलराव म्हणाले. बायका हसल्या. उपासना संपली तरी तबीथा उठेना, तेव्हा पंच काठी घेऊन पुढे झाले.

बाबांनी ती काठी हळूच धरली. "पंच, आपला प्रभू वादळात होडीत निजला होता. बोलणी बसली ती त्याला उठवणाऱ्या शिष्यांना. निजू द्या तिला."

"आणि तिकडे म्हातारी? तिची पाठ सोलली तर?"

"तिला पाहणारा आहे," बाबा म्हणाले.

शमुवेलराव हट्टाने तिच्यासमोरच बसून राहिले. जागी झाली की चार शब्द सुनवायचे होते ना!

ऊन माथ्यावर आले तेव्हा तबीथा दचकून उठली. "अगं बाई! आत्याबाई!" म्हणत ती घराकडे धावत सुटली.

"बघ आता तुझ्या झोपेची फळं!" म्हणत पंच मागोमाग निघाले. बाबाही आले.

दाराची कडी लावली तशीच होती. घाईघाईने तिने ती काढली. सकाळी उजव्या कुशीवर ठेवलेली सासू डाव्या कुशीवर शांत पडली होती.

"आत्याबाई, कुणी वळवलं तुम्हांला?"

"कुणी म्हणजे? तूच की गं! दोनदा आलीस, आधी उताणं केलंस, मग या कुशीवर घेतलंस, पाणी पाजलंस. बोलली मात्र नाहीस." म्हातारीने सुनेचा हात चाचपून धरला आणि ती गोंधळली. "अगं, मघाशी दोन्ही तळव्यांना केवढ्या खोल जखमा होत्या! मी म्हटलं, पोरी, असल्या हातांनी मला कशाला उचलतेस? आता कुठं गेल्या त्या?"

तबीथाने आपल्या तळव्यांकडे पाहिले. खिळ्यांच्या जखमांचे ते हात कुणाचे, हे तिला कुणी सांगायला नको होते. इतके दिवस आपण एकटीच उचलत होतो असे तिला वाटत होते! तिला रडू फुटले, आणि रडता रडता अंगातला सारा शिणवटा उतरत गेला.

शमुवेलराव दारातच थिजले. सकाळपासून ही बाई जागची हलली नव्हती. साक्षीदार तेच! ते बाबांच्या पायांशी वाकले.

बाबा मागे सरले. "इथं नको, पंच. तिथं."

पंचांनी ठकूबाईच्या खाटेवर कपाळ टेकले. मग ते म्हणाले, "मावशी, पुढची कूस मी वळवू का?"

"कोण, शमुवेल? वळव की, बाबा," म्हातारी म्हणाली. "पण हात जरा हलका ठेव."