तिसरा पुकारा संपण्याआधी बोललेला पाथरवट

फार मागे, अश्मक देशावर एक भला राजा राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्व खदिरपूर नावाच्या लहानशा नगरात पाथरवटाच्या घरी जन्माला आला होता. त्याचे नाव सुषीम. वय वाढले, हात पिकले, तशी पाथरवटांनी त्याला आपल्या श्रेणीचा, म्हणजे धंद्याच्या संघटनेचा, ज्येष्ठ केले. ज्येष्ठ म्हणून तो नगरसभेत बसू लागला. बोलायचा कमी. दगड फोडणाऱ्याला सवयच असते, आधी दगडाकडे पुष्कळ वेळ बघायचे, मग हात उचलायचा.

आता या सभेची एक रीत होती, ती आधी सांगतो. सभेत नऊ जण बसत, एकेका धंद्याचा एकेक ज्येष्ठ, आणि वर नगरश्रेष्ठी महाधर. नगरात कुठलेही काम काढायचे असले की सभेचा पुकाऱ्या उभा राहून ते तीनदा सांगे. ज्याला मान्य असेल त्याने गप्प राहायचे. ज्याला मान्य नसेल त्याने तिसरा पुकारा संपायच्या आत बोलायचे. आणि जो बोलेल, त्याने आपले म्हणणे नुसते तोंडाने सांगायचे नाही, सभेला डोळ्यांनी दाखवायचे. दाखवता आले नाही तर त्याची सभेतली जागा गेली. मग बोलतो कोण? वर्षामागून वर्षे सगळी कामे गप्पपणातच मंजूर होत.

सभेतला पुकारा झाला की पुकाऱ्या नगरातल्या तिन्ही चव्हाट्यांवर जाऊन तेच सांगे. कुणाची हरकत आली नाही की काम पक्के. खालच्या वेशीजवळ बुरुडांची आळी होती. तिथे चव्हाटा नव्हता, म्हणून तिथे कधी पुकारा झाला नाही. पुकारा झाला नाही, म्हणून तिथून कधी हरकत आली नाही. आणि हरकत आली नाही, म्हणून सभा समजून चाले की बुरूड लोक फार समाधानी आहेत.

एका वर्षी राजाने खदिरपुरावर प्रसन्न होऊन सांगितले, की यंदाची वेशीवरची जकात नगराने आपल्यासाठीच खर्च करावी. सभेत तळ्याला पायऱ्या बांधायचे निघाले, सभागृहावर चित्रे काढायचे निघाले. शेवटी महाधर म्हणाला, "वरच्या वेशीपासून खालच्या वेशीपर्यंत बाजाराचा रस्ता दगडाने बांधून काढू. पावसाळ्यात गाड्या रुततात, परगावचे व्यापारी नावे ठेवतात. पुढच्या वर्षी राजा येईल, त्याच्याही डोळ्यांत भरेल."

सगळ्यांचे चेहरे उजळले. पाथरवटांचे तर विचारूच नका. तीन वर्षे त्यांना धड काम नव्हते. लोक विटांची घरे बांधू लागले होते. दोन घरे आधीच गाव सोडून गेली होती, आणखी सहा घरे बोचकी बांधून बसल्यासारखी होती. हा रस्ता म्हणजे सगळ्या श्रेणीला दोन वर्षांची भाकरी होती.

सभेत पुकारा व्हायला चार दिवस होते. सुषीम आपले सूत आणि पाणसळ घेऊन उतार मोजायला निघाला. कुणी सांगितले नव्हते, पण दगड बसवायचा तर जमीन कशी आहे ते बघायला नको का? वरून मोजत मोजत तो खाली आला. सूत जिथे संपले, तिथे बुरूड आळी होती.

सोणा नावाची एक म्हातारी दारात बसून बांबूच्या पट्ट्या काढत होती. तिने मान वर न करता विचारले, "काय रे बाबा, आमची आळी मोजून कुणाला विकतोस?"

"विकत नाही आजी. रस्ता व्हायचाय दगडाचा."

"होऊ दे. आमच्या सुपल्या न्यायला बरं पडेल."

सुषीमने पाणसळ तिच्या उंबऱ्याशी ठेवली. घराची जमीन रस्त्यापेक्षा वीतभर खाली होती. शेजारच्या घराचीही. सगळ्या आळीचीच.

"आजी, पावसात इथं पाणी किती येतं?"

"घोट्याएवढं. वरची माती निम्मं पिते, उरलेलं आमच्याकडे येतं. घोट्याएवढं आम्ही चालवून घेतो. पोरं माळ्यावर, बांबू माळ्यावर. गुडघ्याएवढं आलं तर मात्र भिंती राहायच्या नाहीत. मातीच्या आहेत."

सुषीम तिथेच खाली बसला. दगडासोबत त्याचा जन्म गेला होता. दगड पाणी पीत नाही, हे त्याच्याइतके खदिरपुरात कुणाला ठाऊक असणार? माती निम्मे पाणी पिते म्हणून घोट्याएवढे येते. माती झाकली, की सगळेच्या सगळे इथे येणार.

घरी आला तर त्याचा मेहुणा पिंगल येऊन बसला होता. पिंगल हाताचा तरबेज, तोंडाचा तिखट. सुषीमने त्याला सगळे सांगितले. पिंगलने शांतपणे ऐकून घेतले.

"दाजी, तुम्हाला रस्ता मागायला कुणी सांगितलंय का?"

"नाही."

"खोटं बोलायला सांगितलंय?"

"नाही."

"मग झालं तर. तुम्ही नुसतं गप्प बसा. गप्प बसायला काय छिन्नी लागते का?"

सुषीमची बायको भद्रा ताट वाढत होती. ती म्हणाली, "पिंगल, त्यांना जेवू तरी दे."

"जेवू दे ताई. दोन वर्षं जेवू दे सगळ्यांनाच. एवढंच म्हणतोय मी. माझ्या घरात सात तोंडं आहेत. बुरुडांची घरं मातीची, पडली तर परत उभी राहतील. आपण एकदा गाव सोडून उठलो तर परत बसणार नाही."

पिंगल म्हणत होता ते काही खोटे नव्हते. चार दिवस सुषीम नीट जेवला नाही. भद्राने विचारले, तेव्हा एवढेच म्हणाला, "न बोलता माझ्या हातून एक गोष्ट होऊ घातलीय. तोंडानं खोटं बोललो असतो तर निदान माझ्या कानांनी ते ऐकलं असतं."

सभेचा दिवस आला. पुकाऱ्याने पहिला पुकारा केला. सगळे गप्प. दुसरा पुकारा केला. सगळे गप्प. सुषीमने खाली मान घालून आपल्या हातांकडे पाहिले. बाहेर ओट्यावर त्याच्याच श्रेणीची माणसे येऊन उभी होती, पिंगल सगळ्यांत पुढे. पुकाऱ्याने तिसऱ्यांदा तोंड उघडले, अर्धे वाक्य झाले, आणि सुषीम म्हणाला, "थांब बाबा. मला बोलायचंय."

कापडवाल्यांचा ज्येष्ठ हसून म्हणाला, "गवत वाढून ठेवलंय आणि बैलच नको म्हणतोय."

महाधर म्हणाला, "रीत ठाऊक आहे ना सुषीम? दाखवावं लागेल."

"दोन घागरी पाणी द्या," सुषीम म्हणाला.

सगळी सभा त्याच्यामागे रस्त्यावर आली. सुषीमने एक घागर मातीच्या उतारावर ओतली. पाणी धावले, मंदावले, आठव्या पावलावर मातीत जिरून गेले. नुसता ओला डाग उरला. मग तो सभागृहाच्या अंगणात आला. ते अंगण दगडाचे, त्याच्या आज्याने बसवलेले, उतार तसाच. दुसरी घागर त्याने वरच्या अंगाला ओतली. पाणी कुठे थांबलेच नाही. सगळे अंगण ओलांडून ते पायऱ्यांवरून उतरले आणि खाली सभासदांनी काढून ठेवलेल्या वहाणा घेऊन चालू लागले. महाधराची एक वहाण सगळ्यांच्या पुढे होती.

लोक हसले. महाधर हसला नाही. त्याने आपली ओली वहाण उचलून हातात घेतली.

"ही एक घागर," सुषीम म्हणाला. "आषाढात सगळं आभाळ ओतेल. आणि खाली वहाणा नाहीत, माणसं आहेत."

"मग दगड नको म्हणतोस? तू, पाथरवट?"

"दगड घाला. पण आधी पाण्याला वाट द्या. रस्त्याच्या कडेनं झाकलेली मोरी, वरच्या वेशीपासून थेट ओढ्यापर्यंत. मग रस्ता."

"मोरीतच सगळी जकात संपेल. रस्त्याला काही उरायचं नाही."

"होय, तसंच होईल."

"जमिनीखालचं काम राजाला काय दाखवू मी?"

सुषीमने खालच्या वेशीकडे बोट केले. महाधराने तिकडे पाहिले आणि पुकाऱ्याला हाक मारली. "खालच्या आळीत जा. रस्ता की मोरी, त्यांना विचार."

पुकाऱ्या म्हणाला, "श्रेष्ठी, तिकडे कुठून जायचं?"

वीस वर्षे नगरभर पुकारा करणाऱ्या माणसाने हे विचारले, तेव्हा मात्र कुणी हसले नाही. सुषीमनेच त्याला वाट सांगितली.

पुकाऱ्याबरोबर सोणा आली, हातात अर्धे विणलेले सूप तसेच. सभेच्या दारात उभी राहून तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "हो म्हणायचं असलं तर गप्प राहायचं की बोलायचं? आम्हाला आजवर कुणी विचारलं नव्हतं, म्हणून ठाऊक नाही."

"तू बोल आजी," महाधर म्हणाला.

"मग मोरी करा. रस्ता पुढं कधी करा. चिखलाची आम्हाला सवय आहे."

त्या दिवशी सभेने मोरी ठरवली.

मोरीचा पैसा चर खणण्यात जातो; तिला घडीव दगड लागत नाही, ओबडधोबड चालतो. दोन वर्षांचे काम पाच महिन्यांवर आले, आणि तेही मोजक्या हातांना. पाथरवटांचा धंदा बसला. सुषीमला कुणी वाईट शब्द बोलले नाही, फक्त त्याचे ज्येष्ठपण काढून घेतले आणि पिंगलला दिले. पिंगलने ते घेतले आणि त्या दिवसापासून बहिणीच्या घरी येणे सोडले. ती सहा घरे गाव सोडून गेली. सुषीम वेशीपर्यंत त्यांना पोचवायला गेला. एकाने त्याच्या पाया पडून निरोप घेतला, बाकीचे पाठ फिरवून चालू लागले. ती घरे पुढे कधी परत आली नाहीत, आणि सुषीमला ते जन्मभर लागून राहिले. चांगले काम केले म्हणजे कुणाचेच काही जात नाही, असे नसते.

मग तो साध्या मजुरासारखा मोरीच्या चरात उतरला आणि पाच महिने दगड बसवत राहिला.

आषाढ आला. चार दिवस पाऊस थांबला नाही. पाचव्या दिवशी पिंगल डोक्यावर घोंगडी घेऊन एकटाच बुरूड आळीत आला. सोणाच्या दारात उभा राहून त्याने आत पाहिले. जमीन कोरडी होती. बांबू जमिनीवर रचलेला होता. एक तान्हे मूल चटईवर पालथे पडून खेळत होते.

"आत ये, भिजतोयस," म्हातारी म्हणाली.

"नको. पाणी कुठं जातंय, ते बघायचंय."

ती म्हणाली, "तुझा दाजी आहे तिकडे, ओढ्याच्या अंगाला. रोज येतो, पालापाचोळा काढतो. सांगून ऐकत नाही."

पिंगल ओढ्याकडे गेला. मोरीच्या तोंडाशी सुषीम गुडघ्यावर बसून पाने काढत होता. आतून सगळ्या नगराचे पाणी गढूळ होऊन धो धो बाहेर पडत होते. पिंगलने मागे उभे राहून मोरीचे दगड निरखले. मग म्हणाला, "दाजी, हा कडेचा दगड बोटभर आत घ्यायला हवा होता. तीन वर्षांत निखळेल."

सुषीमने मागे वळून पाहिले. "मलाही तसंच वाटत होतं. एकट्यानं उचलेना."

पिंगलने घोंगडी काढून काठावर ठेवली आणि खाली उतरला. दोघांनी मिळून तो दगड काढला आणि नीट बसवला.

शास्त्यांनी, म्हणजे भिक्षूंच्या गुरूंनी, ही कथा सांगितली, कारण त्या दिवशी संघात एक अयोग्य गोष्ट ठरत असताना काही भिक्षू आपल्या सोयीसाठी गप्प राहिले होते. कथा संपवून ते म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा पिंगल तो आजचा छन्न. पुकारा करणारा तो आनंद, नगरश्रेष्ठी महाधर तो सारिपुत्त, आणि दारात सूप विणणारी सोणा ती महाप्रजापती गौतमी. पाथरवट सुषीम मीच होतो. माणूस बोलून जसा खोटा होतो, तसा गप्प राहूनही होतो. त्या जन्मी मी हे शिकलो, आणि ज्या पारमितेच्या, म्हणजे बोधीकडे नेणाऱ्या गुणाच्या, वाटेवर एक पाऊल पुढे पडले, ती सत्याची पारमिता."