सहा बिशपांची नावं

खिरवडच्या लहानशा चर्चमध्ये अँग्लिकन धर्मप्रांताचे सहावे बिशप अमोलिकसाहेब दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्यांच्या डोक्यावर हात ठेवून त्यांना मंडळीत पक्कं करण्याच्या विधीला आले होते. त्यांनी धर्मप्रांताचा जाडजूड इतिहास लिहिला होता आणि त्यातलं सगळ्यांत मोठं प्रकरण स्वतःवरच होतं.

साठीची राहीबाई साळवे पहिल्या रांगेत बसली होती. आजवर बिशप यायचे, नेमकं त्याच दिवशी तिच्या घरी कुणीतरी बाळंत व्हायचं आणि तिचा विधी राहून जायचा. आज साहेबांनी डोक्यावर हात ठेवला, की तिला जन्मात पहिल्यांदा प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस मिळणार होता.

"आधी परीक्षा!" साहेब म्हणाले. "आपल्या सहाही बिशपांची नावं क्रमानं सांगा. नाही आली, तर पुढच्या वर्षी बघू."

मनातल्या मनात देवाला हाक मारून राहीबाई उभी राहिली.

"साहेब, आधीचे पाचही जण आमच्या गावाला सांगून गेले, की तरायला येशूचं एक नाव पुरे. आता सहा लागतात का हो?"

बायकांनी तोंडाला पदर लावले. साहेबांचे कान लाल झाले, आणि मग त्यांनाच हसू फुटलं.

"बाई, तुमचं नाव सांगा," तिच्या डोक्यावर हात ठेवत ते म्हणाले, "आधी ते मला पाठ करू द्या."