'ना' लावून विचारलेलं आभाळ

डोंगरांना नुकतीच नावं मिळाली होती, त्या काळातली ही गोष्ट. एका गावामागे एक उंच डोंगर उभा होता आणि त्याचं नाव ढगफोड्या. नाव कुणी ठेवलं ते कुणाला ठाऊक नाही, पण ठेवणाऱ्यानं डोळे उघडे ठेवून ठेवलं असणार. उन्हाळ्यात वळवाचे ढग आले, की आधी त्याच्याच माथ्यावर येऊन आदळायचे. तिथं विजा कडाडायच्या आणि मग पाऊस गावात उतरायचा.

गावाची एक रीत होती. दर वैशाखात माणसं ढगफोड्यावर चढायची आणि माथ्यावर नवं निशाण लावायची. निशाण खांद्यावर घेऊन सगळ्यांच्या पुढे जो चालेल, त्याच्याकडे आघाडी. आघाडी मिळणं म्हणजे मोठा मान. पण त्या मानाला एक बोचरी अटही होती. निशाण न लावता जो अर्ध्या वाटेतून परत फिरेल, त्याला आघाडी पुन्हा कधी मिळायची नाही.

त्या वर्षी आघाडी मिळाली सोनकीला.

सोनकी म्हणजे गावातली सगळ्यांत चपळ पोरगी. चालायला लागली तेव्हापासून तिला ढगफोड्याचं वेड. थोरल्या आक्कांनी तिला बोलावून ही बातमी सांगितली, तेव्हा तिचे पाय जमिनीवर ठरेनात. या आक्का एके काळी स्वतः आघाडीवर चालायच्या. आता गुडघे दुखतात म्हणून त्या खालीच बसायच्या आणि कुणी जायचं ते ठरवायच्या.

"उद्या जायचं का परवा, ते तू ठरव," आक्का म्हणाल्या. "फक्त आधी आभाळाची चौकशी कर. वळवाचे दिवस आहेत."

"करते की. ही आत्ता करते," सोनकी म्हणाली आणि आक्कांचं पुढचं वाक्य संपायच्या आत वेशीपर्यंत पोचलीसुद्धा.

तेव्हा पावसाचा अंदाज सांगायला रेडिओ नव्हता, मोबाईल तर नव्हताच. ज्याचं पावसानं नुकसान व्हायचं, तोच आभाळावर डोळा ठेवून असायचा. म्हणून सोनकी आधी गेली वीटवाल्या मामांकडे. मामांच्या कच्च्या विटा उघड्यावर वाळत असायच्या. वळीव पडला, की महिन्याच्या कष्टाचा चिखल. ती पोचली तेव्हा मामा विटांवर नारळाच्या झावळ्या अंथरत होते.

"मामा, मला आघाडी मिळाली. आम्ही उद्याच निघतोय. उद्या आभाळ मोकळं आहे ना?"

मामांनी वर पाहिलं. पोरीचा चेहरा असा फुललेला, की तिला नाही म्हणायचं त्यांच्या जिवावर आलं.

"असेल की," मामा म्हणाले. "का नसेल?" आणि त्यांनी आणखी एक झावळी ओढून विटांवर टाकली.

झावळी सोनकीच्या डोळ्यांसमोर होती, पण तिचं मन केव्हाच माथ्यावर जाऊन बसलं होतं. ती तशीच धावत गजराकाकूंच्या अंगणात शिरली. काकूंचं अंगण म्हणजे नुसतं वाळवण. खाटांवर पापड, चटईवर कुरडया, सुपांमध्ये सांडगे.

"काकू, वीटवाले मामा म्हणतात उद्या मोकळं आहे. तुम्हालाही तसंच वाटतंय ना?"

काकूंच्या हातात एक पापड होता. त्यांनी तो मोडून पाहिला. कडक वाळला असता तर टचकन तुटला असता, पण तो नुसता वाकला. काकूंनी त्याच्याकडे पाहिलं, मग सोनकीकडे पाहिलं.

"मामा म्हणतात? मग असेल बाई. एवढ्या विटा उघड्यावर टाकून ते उगाच कशाला म्हणतील? जरा या खाटेला त्या बाजूनं हात लाव गं, ओसरीवर घ्यायचीय."

आणि आमच्या सोनकीबाईंनी आभाळ मोकळं असल्याच्या आनंदात, वाळवणाची खाट स्वतःच्या हातांनी उचलून छपराखाली ठेवली. वर काकूंचे आभार मानले आणि पुढे पळाल्या.

शेवटी गाठला म्हाळूला. म्हाळू गावाचा ढोलवाला. चढणीवर त्याचा ढोल वाजला नाही तर लोकांचे पाय उचलत नसत. तो गवताचा जाळ करून ढोलाचं कातडं शेकत बसला होता, कारण दमट हवेत कातडं सैल पडतं आणि आवाज बसतो.

"म्हाळूदादा, मामा म्हणतात मोकळं, काकू म्हणतात मोकळं. तू काही वेगळं सांगणार नाहीस ना?"

म्हाळूनं ढोलावर थाप मारली. ढोल भद्द वाजला. "दोघं मोठी माणसं म्हणतायत," तो म्हणाला, "तर मी कोण वेगळं सांगणार?"

सोनकी उड्या मारतच आक्कांकडे परतली. "तिघांना विचारलं, आक्का. एकाचंही दुमत नाही. उद्या मोकळं."

"तिघंही एकच बोलले? आभाळाच्या बाबतीत असं सहसा होत नाही," आक्का म्हणाल्या. "तरी आपलं पहाटे निघ."

"मोकळंच आहे तर पहाटेची घाई कशाला? सगळ्यांना पोटभर खाऊन निघू दे की."

आघाडी सोनकीची होती. तेव्हा शब्दही तिचाच चालला.

दुसऱ्या दिवशी उन्हं चांगली वर आल्यावर मंडळी निघाली. काय तो थाट. म्हाळूचा ढोल, बायकांची गाणी, फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या, आणि सगळ्यांच्या पुढे सोनकी. तिच्या खांद्यावर लांब काठी, काठीला नवं कोरं निशाण आणि टोकाला पितळी कळस. वीटवाले मामाही आले होते, गजराकाकूही. वाट डोंगराच्या पश्चिमेनं चढत होती, त्यामुळे पूर्वेचं आभाळ डोंगराआड होतं. वारा पडलेला. घामाच्या नुसत्या धारा. पण सोनकीला ना घाम जाणवत होता, ना मागून कुणी "जरा दमानं" म्हणालेलं ऐकू येत होतं.

दुपारी मंडळी माथ्याखालच्या खिंडीत पोचली. तिथून पहिल्यांदाच पूर्व दिसली. म्हाळूचा हात ढोलावर थांबला.

पूर्वेला ढग उभा होता. दूध उतू यावं तसा तो वर वर चढत होता आणि त्याचं बूड काळंकुट्ट झालं होतं.

माथा तर इतका जवळ, की हाक मारली असती तर तिथून परत ऐकू आली असती. एवढं पळत जायचं, निशाण रोवायचं आणि यायचं. मागे फिरलं तर आघाडी कायमची गेली. ती मंडळींकडे वळली.

"ढग अजून लांब आहे. आपण पटकन निशाण लावून येऊ ना?"

"येऊ की," सगळे एका सुरात म्हणाले.

हा सूर तिनं काल ऐकला होता. अगदी असाच, तीन दारांत. सोनकी जागच्या जागी थांबली.

"मामा, काल तुम्ही मोकळं म्हणालात, ते कशावरून?"

मामा चपापले. "मी कुठं? तूच म्हणालीस. मी आपलं 'असेल' म्हटलं. मग संध्याकाळी कळलं, की गजराकाकूही तेच म्हणतायत. तेव्हा मलाही खरं वाटलं."

"अगं बाई," काकू म्हणाल्या, "मी तर तुमच्या भरवशावर म्हणाले."

"आणि मी तुम्हा दोघांच्या," म्हाळू म्हणाला.

सोनकीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तिघांचा अंदाज म्हणून ती जो मिरवत होती, तो तिचाच होता. तिची स्वतःची हौस गावभर हिंडून, पाहुणी बनून तिच्याच घरी परत आली होती.

दूरवर गडगडलं. सोनकीनं या खेपेला प्रश्न नीट विचारला. "काल विटा का झाकत होता, मामा?"

"दोन दिवस झाले, सकाळ कोरडी जाते आणि दुपारी पूर्वेला ढग चढतो," मामा म्हणाले. "परवा पलीकडच्या गावात कोसळला, काल नदीकाठी. मला वाटत होतं, आज आपल्यावर येणार."

"काकू, तुमचे पापड?"

"वाकतायत गं मेले. हवेत ओल आहे. म्हणून तर खाट आत घेतली."

"म्हाळूदादा?"

म्हाळू सोनकीच्या खांद्याकडे टक लावून बघत होता. "सोनके," तो हळूच म्हणाला, "तुझी काठी गुणगुणतेय."

खरंच. टोकाच्या पितळी कळसातून बारीक आवाज येत होता, भुंगा अडकल्यासारखा. वीज पडायच्या बेतात असली, की धातू असा गुणगुणतो. सोनकीनं काठी खाली टाकली. "मागे फिरा. सगळे. निशाण इथंच राहू दे."

"अगं, तुझी आघाडी जाईल," म्हाळू म्हणाला.

"जाऊ दे," सोनकी म्हणाली. तिला रडू फुटलं होतं, ते तिनं लपवलं नाही. "तुम्ही आधी उतरा. मी शेवटी येते."

मग अशी पळापळ झाली, की सांगता सोय नाही. भाकऱ्या उडाल्या, काकूंची एक वहाण दरीत गेली, मामा दोनदा बसकण मारून घसरले. सोनकी मागून ओरडत होती, "उंच झाडाखाली कुणी थांबू नका. खाली, त्या खळग्यात." करवंदीच्या जाळ्यांमधल्या एका खोलगट जागेत ती सगळ्यांना घेऊन आली. "जवळजवळ नको, लांब लांब बसा. उकिडवे बसा, डोकं खाली."

बसतात न बसतात तोच आख्खं आभाळ पांढरं झालं. माथ्यावर वीज पडली. कानठळ्या बसल्या, जमीन हादरली. मागल्या वर्षीच्या निशाणाची काठी माथ्यावर उभी होती, ती उभी चिरली आणि पेटली. सोनकी निशाण घेऊन गेली असती, तर त्या घटकेला नेमकी तिथंच असती. आणि सगळे तिच्या मागे असते.

मग गारांचा मारा सुरू झाला. म्हाळूनं ढोल डोक्यावर धरला आणि गारा त्यावर ताडताड वाजायला लागल्या. ते बघून आधी काकूंना हसू फुटलं, मग मामांना, मग सगळ्यांनाच. भीती, थंडी आणि जिवंत असल्याचा आनंद, सगळं एकदम हसण्यातून बाहेर पडत होतं.

संध्याकाळी चिंब भिजलेली मंडळी गावात आली. आक्का वाटेकडे डोळे लावून बसल्या होत्या. सोनकी सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"निशाण लावलं नाही, आक्का. परत फिरले. यात आभाळाची काही चूक नाही. तुम्ही चौकशी करायला सांगितलीत आणि मी होकार गोळा करत फिरले."

आक्कांनी जमलेल्या गावाकडे पाहिलं. "अट सगळ्यांना माहीत आहे. पण ती गावानंच घातलीय, तेव्हा गावच सांगेल. काय रे, पोरीला आणखी एकदा आघाडी द्यायची ना?"

"हो," म्हणायला सगळ्यांची तोंडं उघडली, तेवढ्यात सोनकी म्हणाली, "असं नको, आक्का. 'ना' काढून विचारा."

आक्कांना असं मधेच तोडलेलं गावानं कधी पाहिलं नव्हतं. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. आक्कांनी सोनकीकडे रोखून पाहिलं आणि त्यांच्या तोंडावरच्या सुरकुत्या हलल्या. "बरं," त्या म्हणाल्या. "हिच्या मागून पुन्हा डोंगर कोण चढेल? ज्याला जे वाटतं ते त्यानं सांगावं."

सोनकीचा जीव टांगणीला लागला.

"ती फार भराभर चालते," वीटवाले मामा म्हणाले. "मागच्यांचा दम निघतो, आणि ही वळून बघत नाही."

"आज मात्र उतरताना सगळ्यांच्या मागे तीच होती," गजराकाकू म्हणाल्या.

"माथा समोर असताना तिनं निशाण खाली ठेवलं," म्हाळू म्हणाला. "माझ्यानं झालं नसतं. मी चढेन तिच्या मागून."

"मीही चढेन," मामा म्हणाले. "पण हळू चाल गं बाई."

असं एकेकानं सांगितलं. कुणी हो म्हणालं, कुणी विचार करतो म्हणालं, आणि दोघांनी तर साफ नाही म्हटलं. सोनकीनं सगळ्यांचं ऐकून घेतलं. तरी हो म्हणणारे एवढे होते, की आक्कांनी मान डोलावली.

दोन दिवसांनी सोनकी पुन्हा मामांकडे गेली. "मामा, उद्याचं आभाळ कसं आहे?" एवढंच विचारलं आणि तोंड घट्ट मिटून उभी राहिली. गप्प राहणं तिला चढणीपेक्षा अवघड गेलं.

"सकाळ स्वच्छ," मामा म्हणाले. "दुपारी कोसळणार."

काकूंना विचारलं तेव्हा मामांचं नावही काढलं नाही. काकू म्हणाल्या, "मी सकाळी वाळवण घालीन आणि जेवणाआधी आत घेईन."

मंडळी पहाटे, चांदण्या असतानाच निघाली. सोनकी दर वळणावर थांबून मागे बघत होती. खिंडीत पडलेलं निशाण तिनं उचललं, झटकलं, आणि कोवळ्या उन्हात ढगफोड्याच्या माथ्यावर रोवलं. म्हाळूनं असा ढोल बडवला, की खाली गावात आक्का दुखरे गुडघे विसरून उठून उभ्या राहिल्या.

दुपारी वरती ढग आदळला, विजा कडाडल्या. तेव्हा सगळी मंडळी आपापल्या ओसरीवर बसून गरम गरम जेवत होती.

तात्पर्य: चौकशीला निघताना आपलं उत्तर घरी ठेवून निघावं. प्रश्नाला 'ना' जोडला, की समोरचा माणूस आभाळाकडे न बघता आपल्या चेहऱ्याकडे बघून बोलतो.