सात भाज्यांना शून्य

"पोरीनं सात नावं सांगितली, अन् तुम्ही शून्य देता?" सुगरती आजी टेबलावर हात आपटून कडाडली.

मेळघाटातल्या शाळेत तपासणीला आलेल्या साहेबांनी तिच्या नातीला रानभाज्यांची नावं विचारली होती. नातीनं, रुकायनं, ती घडाघडा सांगितली, पण घरच्या कोरकू भाषेत.

"मराठी शब्द एक नाही! मंद आहे पोरगी. पुन्हा पहिलीत बसवा," म्हणत साहेबांनी शेरा लिहायला पेन उघडलं.

"तुम्ही प्रश्न कोणत्या भाषेत विचारला?" आजीनं विचारलं.

"मराठीत."

"तो तिला कळला?"

"कळला म्हणूनच बोलली ना!"

गुरुजींनी हसू लपवायला मान खाली घातली.

आजी म्हणाली, "तुमची भाषा तिला कळली, तिची तुम्हाला कळली नाही, मग सांगा साहेब, पहिलीत कुणाला बसवायचं?"