सोनकी पोचवी

एकदा काय झालं, एका राजाला एका नावाची भीती वाटायला लागली.

त्याच्या राज्यात वाजवणाऱ्यांना तीन नावं होती बरं का. पहाटे नगारा वाजवतो तो उठव्या. लग्नात ढोल बडवतो तो नाचव्या. आणि मेलेल्या माणसापुढं पावा वाजवत चालतो, तो पोचव्या. त्यानं मागं वळून बघायचं नाही. गावच्या शिवेवर थांबायचं, मेलेल्याला त्याच्या नावानं हाक मारायची. मग तो जीव शीव ओलांडून जायचा.

राजानं दवंडी पिटवली. आजपासून सगळे राजवादक! कुणी पोचव्या म्हणवून घेतलं, पोचव्याचं काम केलं, तर त्याचा अंगठा छाटू.

पोचव्याला एक मुलगी होती, सोनकी. तिच्या बापाला लाल पगडी घालून लग्नात वाजवायला बसवलं. त्याला बिचाऱ्याला एकच चाल येत होती. ती ऐकून नवऱ्या रडायच्या. लोक हसायचे, "काय हो राजवादक, नवरीला कुठं निघालात घेऊन?"

मग एका थंडीत तो खोकून खोकून मेला. लोकांनी त्याला जाळलं. सोनकी घरी आली, तर बाप उंबऱ्यावर बसलेला! बोलेना, जेवेना, नुसता तिच्याकडं बघत राहिला. पोचवायला कुणी नव्हतं ना. घरातली चूल पेटेना. सोनकीला पावा येत होता, पण अंगठ्याच्या भीतीनं तिनं तो खुंटीवरून काढला नाही.

मग शेजारच्या कुंभारणीचं दोन वर्षांचं पोर गेलं, आणि तेही परत आलं.

कुंभारीण रडत आली. "सोनके, सारखं मांडीवर येतं गं. विहिरीतल्या दगडासारखं गार. त्याला ने बाई."

"माझा अंगठा जाईल, काकी."

"मग माझा घे म्हणावं. चाक फिरवून करू काय मी आता?"

सोनकीनं पावा काढला. भर दुपारी वाजवत निघाली. शिवेवर हाक मारली, "बारकू!" एक छोटासा गारठा तिच्या पायांजवळून पुढं पळाला. शिपायांनी तिला तिथंच धरलं.

मग सकाळी दरबारात सुरी आणली. प्रधान म्हणाला, "महाराज, आज्ञा?" महाराज बोलेनात. प्रधानानं महाराजांचा हात धरून पाहिला, तर गार! राजा झोपेतच गेला होता, आणि सवयीनं सिंहासनावर येऊन बसला होता. महालातल्या सगळ्या चुली विझल्या.

प्रधान सोनकीला म्हणाला, "राजवादक, महाराजांना घेऊन जा."

"राजवादक कुणाला नेत नाही. माझं खरं नाव घ्या."

प्रधानानं घाम पुसला. "पोचवीबाई, चला."

शिवेवर सोनकी म्हणाली, "महाराज!" पाठीमागचा गारठा हलेना. राजाचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. मग त्याची म्हातारी दाई काठी टेकत पुढं आली.

"धोंडू," ती म्हणाली. "त्याच्या आधीची तीन भावंडं गेली. तीनदा पोचव्या दारात आला. मग आईनं हे नाव ठेवलं. मरणाला वाटावं, पोर नाही, धोंडाच पडलाय."

सोनकीचे डोळे भरून आले. तिनं हळूच हाक मारली, "धोंडू, जा रे बाळा."

आणि राजा गेला.

मग ती तशीच घरी आली. "चला, बाबा." बापापुढं बापाचीच चाल वाजवत ती शिवेवर आली. मुलीनं बापाचं नाव घेऊ नये म्हणतात. तिनं घेतलं.

"रायाजी!"

गारठा तिच्या खांद्याशी क्षणभर थांबला, मग पुढं गेला. तिनं घरी येऊन चूल पेटवली आणि एकटीपुरती भाकरी थापली.

पुढं त्या राज्यात कुणाचा अंगठा गेला नाही. माणसं सुखानं जगली, वेळ आली की नीट गेली. चला, पांघरूण घ्या ओढून. झोपा आता.