गिरजेच्या लाख वाती

भक्तहो, श्रीचिमणगिरी महाराज गोदाकाठी आसरखेड्याच्या महादेवमंदिरात राहिले होते, त्या वर्षीची ही कथा.

त्या गावात गिरजा नावाची कोष्टीण होती. पदरात चार लेकरे. थोरली सहा वर्षांची, धाकटी अजून रांगणारी. आदल्या वर्षी धाकटी तापाने फणफणली, तेव्हा गिरजेने नवस केला, "महादेवा, पोर वाचव. पुढच्या त्रिपुरी पौर्णिमेला लाख वाती लावीन." पोर वाचली! पण चार लेकरांच्या आईने लाख वाती वळायच्या कधी? तव्यावरची भाकरी उलटेपर्यंत चार, पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला अडकवून दहा, अशी ती वळत असे. शंभर झाल्या की जुडी बांधून टोपलीत टाकी.

त्याच गावात भागीरथीबाई देशमुखीण होत्या. त्यांनीही लाखवातीचे व्रत धरले होते आणि तीन मोलकरणींच्या हातून ते श्रावणातच उरकून घेतले होते. तरी त्यांच्या पोटात दुखे ते गिरजेवरून. महाराज देशमुखांच्या चांदीच्या ताटावरून दोन घास खाऊन उठत, आणि गिरजा देवळाच्या दारात क्षणभर डोकावली, तरी "ये माय, लेकरं जेवली का?" म्हणून विचारीत. आपल्याला महाराजांनी असे कधी काही विचारले नाही, हे बाईंना रात्रंदिवस टोचत असे. मत्सराला तेवढे पुरते.

पौर्णिमा उजाडली. गिरजेच्या अजून बारा जुड्या कमी होत्या. घाटावर भागीरथीबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "उचलली जीभ लावली टाळ्याला! पोरींच्या वेण्या घालायला सवड नाही, आणि म्हणे लाख वाती!" एवढ्याने त्यांचे समाधान झाले नाही. घरी जाताच त्यांनी दोन पायली गहू गिरजेकडे पाठवले. निरोप असा, "संध्याकाळच्या प्रसादाचे आहेत. दिवस मावळायच्या आत दळून हवेत."

देवाच्या कामाला नाही कसे म्हणावे? गिरजा डोळे पुसून जात्याला बसली.

दुपारी भागीरथीबाईंना राहवेना. गिरजेची फजिती स्वतःच्या डोळ्यांनी बघावी म्हणून त्या तिच्या कुडाआड जाऊन उभ्या राहिल्या. आत बघतात तो काय! गिरजा भिंतीकडे तोंड करून दळते आहे. तिच्या पाठीमागे महाराज मांडी घालून बसले आहेत. धाकटी त्यांच्या मांडीवर, बाकीची तिघे भोवती गोळा झालेली. आणि महाराज बोटांना राख लावून भराभर वाती वळत आहेत!

दुसरे कोणी असते, तर तिथेच हात जोडले असते. भागीरथीबाईंच्या अंगाचा मात्र तिळपापड झाला. "माझ्या घरी दोन घास खाऊन उठतात, आणि हिची पोरं सांभाळतात!" असे पुटपुटत, हे गावाला सांगावे म्हणून त्या तरातरा देवळात गेल्या. तिथे मंडप माणसांनी भरलेला होता आणि समोर महाराज निरूपण करीत होते.

"महाराज केव्हा आले?" बाईंनी पुजाऱ्याला विचारले.

"आले? सकाळपासून जागचे हलले नाहीत, बाईसाहेब."

बाई तिथेच बसून दिवेलागणीपर्यंत महाराजांकडे बघत राहिल्या.

दिवेलागणीला गिरजा एका कडेवर धाकटी, दुसऱ्या हातात टोपली अशी रडतच आली. "म्हाराज, माझ्याच्यानं झालं न्हाई. आज एक वात वळली न्हाई. देव माझ्या लेकरावर कोपंल का हो?"

"आधी मोजू तर दे," महाराज म्हणाले.

पुजाऱ्याने जुड्या मोजल्या. पुऱ्या एक हजार भरल्या! गिरजा म्हणाली, "तुमचं चुकलं असंल, काका. परत मोजा." पुन्हा मोजल्या, तरी हजारच. महाराजांनी धोतराला हात पुसले, तेव्हा त्यावर राखेची बोटे उमटली.

भागीरथीबाईंनी महाराजांच्या पायांवर लोळण घेतली. "महाराज, मी जळले हो हिच्यावर! मुद्दाम गहू धाडले. मी पापीण, आणि दर्शन मला का दिलंत? हिला का नाही?"

महाराज म्हणाले, "आम्ही हिच्या पाठीशीच बसलो होतो, बाई. वळून बघायला हिला फुरसत कुठं होती?"

बाईंना हुंदका फुटला. त्या उठून गिरजेच्या पायांशी वाकू लागल्या, तशी गिरजा गोंधळून मागे सरली. "अगंबाई, पाया कशाला पडता? हिला धरा वाईच, मला वाती लावू द्या." आणि तिने धाकटी त्यांच्या कडेवर दिलीसुद्धा! पोरीने शालूला नाक पुसले. देशमुखीणबाईंनी पुसू दिले, आणि लेकरू छातीशी धरून, त्याच्यासकट खाली वाकून, गिरजेच्या पायांवर डोके टेकले.